लिफ्ट : आहे

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत आणि जीभही आहे तशीच आहे, तेव्हा काळजी नको. आई तुमच्याकडे राहायला कधी येणार, हे तू पुन्हा विचारलंस. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, बघू. तुझ्या प्रत्येक पत्राला ती बघू म्हणते आणि खिडकीत जाऊन बसते. आता यात मी काय करणार, सांग.

पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच बातमीसाठी. आपल्या वसाहतीला सरकारी निधी मिळण्याची चिन्हं आहेत! दुरवस्थेतल्या वसाहती सुधारायच्या म्हणून सरकारने पैसा काढला आहे. शहरातल्या सहा वसाहतींनी अर्ज केले, त्यातल्या दोन निवडणार. आपला अर्ज तळमजल्यावरच्या रंगारीभाऊंनी केला. रहिवाशांच्या समितीचे ते अध्यक्ष झाले आहेत, म्हणजे बाकी कुणी हात वर केला नाही म्हणून ते झाले. अर्जात त्यांनी गळकं छप्पर, तुंबलेली गटारं, जिन्यातले दिवे असं सगळं घातलं आहे, आणि मुख्य म्हणजे लिफ्ट.

लिफ्ट बंद पडून अडीच वर्षं झाली. आई शेवटची खाली उतरली त्यालाही दोन वर्षं होऊन गेली. डॉक्टरकडे नेली होती. परत चौथ्या मजल्यावर चढवताना चार माणसं आणि एक खुर्ची लागली, आठवतं ना? तिसऱ्या मजल्यावर सगळे दम खायला थांबले तेव्हा ती म्हणाली होती की आता मला इथेच ठेवा, जाता-येता भेटत जा. तेव्हा हसलो, पण त्यानंतर तिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. आता खालचं जग तिच्याकडे टोपलीतून येतं. गिऱ्हाईक खालून हाक मारतं, आई खिडकीतून दोरीने टोपली सोडते, उसवलेली पँट वर येते आणि मी शिवली की तशीच खाली जाते. कुणाची कंबर किती कमी करायला आली यावरून कोण आजारी आहे हे ती ओळखते आणि सहसा चुकत नाही.

येत्या चौदा तारखेला सरकारकडून निरीक्षक येणार आहेत. बाई आहेत म्हणे. तयारी अशी जोरात आहे की रंगारीभाऊ हातात ब्रश घेऊनच झोपत असावेत. माणूस पहिल्यांदा आपल्याकडे येणार म्हटल्यावर चार भिंती बऱ्या नकोत का दिसायला? जिन्यातले पोपडे खरवडून दोन हात देऊन झाले. तळमजल्याच्या भिंतीला ओल आहे, ती झाकायला मी पडदा शिवते आहे. सुंदर होतोय.

तुझा आणि वहिनीचा लोभ आहेच, तो आमच्या लिफ्टसारखा मध्येच अडकू देऊ नका.

तुझी
ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आनंद झाला आणि पुढच्या मिनिटाला घाम फुटला. अगं, हा निधी कशासाठी आहे? दुरवस्थेतल्या वसाहतींसाठी. मग निरीक्षक काय बघायला येणार? दुरवस्था. आणि तुम्ही तिलाच रंग देत सुटलात! माझं अर्धं आयुष्य सरकारी खात्यात फायली बांधण्यात गेलं आहे, म्हणून सांगतो. जे कागदावर येत नाही ते आमच्या लेखी नसतंच. पत्र मिळताच रंगारीभाऊंच्या हातातला ब्रश काढून घे. पडदा शिवला असशील तर उसव. ती ओल म्हणजे तुमचं भांडवल आहे, ती झाकता काय!

आता आईचं. आमचं घर तळमजल्यावर आहे हे तिला माहीत आहे. दारात एकच पायरी होती, तीही गवंडी बोलावून उतरती करून घेतली. मागची खोली रिकामी केली. आजवर मी तिला अकरा वेळा बोलावलं आणि अकरा वेळा बघू ऐकलं. बायको म्हणते, मोजत बसू नकोस. पण कारकुनाने दुसरं काय करायचं? ती तिथे एका खोलीत अडकून पडली आहे, तू एकटी तिचं सगळं करतेस, आणि मी इथे दर महिन्याला पत्र टाकून मोकळा होतो. मला ते सहन होत नाही, ताई.

म्हणून स्पष्टच लिहितो. निधी मिळाला आणि लिफ्ट सुरू झाली तर माझं काही म्हणणं नाही, आईने खुशाल तिथे राहावं. नाही मिळाला तर जूनमध्ये मी गाडी घेऊन येतो आणि तिला घेऊन जातो. चार माणसांची आणि खुर्चीची व्यवस्था माझ्याकडे लागली. मग ती बघू म्हणो नाहीतर आणखी काही म्हणो.

रागावू नकोस, आणि रागावलीस तर पत्रातून रागाव म्हणजे ख्यालीखुशाली तरी कळेल.

तुझा
धाकटा

१५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

निरीक्षणाचा सोहळा काल पार पडला आणि असा देखणा पडला म्हणून सांगू! निरीक्षकबाई दहाला आल्या. पोरगेलीच आहे, हातात ही जाडजूड फाइल. तिला उगाच जिने चढायला लागू नयेत म्हणून आम्ही सगळंच तळमजल्यावर आणून ठेवलं होतं. बसवलं रंगारीभाऊंच्या खोलीत. पंखा दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांचा, खुर्ची पहिल्या मजल्यावरच्या परिचारिकेची, कपबश्या माझ्या. एकेक रहिवासी खाली येऊन भेटून गेला. इथे कसं चाललंय असं तिने प्रत्येकाला विचारलं, आणि प्रत्येकाने छान चाललंय असं सांगितलं. आता तूच सांग, पहिल्याच भेटीत परक्या माणसापुढे रडगाणं कोण गातं?

सगळ्यात कमाल केली रंगारीभाऊंनी. लिफ्टचं दार त्यांनी असं काही निळं रंगवलं की जाणारा-येणारा थबकतो. वर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं की कृपया दार हळू लावा. बाई तिथे थांबल्या आणि फार सुरेख म्हणाल्या. रंग ओला होता म्हणून आम्ही कुणी त्यांना दाराला हात लावू दिला नाही. जाताना त्या म्हणाल्या की इतकं आपुलकीचं स्वागत आजवर कुठे झालं नव्हतं. रंगारीभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं.

इथवर लिहून झालं आणि खालून पोस्टमनची हाक आली. टोपलीतून तुझं पत्र वर आलं.

वाचलं. मग आईला वाचून दाखवलं. ती हसायला लागली ती थांबेचना, डोळे पुसत म्हणाली की एवढी हुशार माणसं एका इमारतीत राहतात हे सरकारला कळवायला पाहिजे. मला मात्र हसू येत नाहीये. अजून निकाल लागायचा आहे म्हणून मन घट्ट करते.

पत्र दोन दिवस आधी टाकलं असतंस तर तुझं काय गेलं असतं, असं तुझ्यावरच खापर फोडून हे पत्र संपवते.

तुझी
ताई

२२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

निकाल लागला. आपण सहावे. म्हणजे सहा वसाहतींत सगळ्यात चांगले आपण, आणि म्हणून सगळ्यात शेवटी. अहवालाची प्रत आली आहे. त्यात लिहिलंय : एकूण स्थिती समाधानकारक. भिंती : नुकत्याच रंगवलेल्या. रहिवाशांच्या तक्रारी : नाहीत. आणि त्याखाली, लिफ्ट : आहे. एवढंच. आहे.

तो शब्द रंगारीभाऊंनी वाचला. तेव्हापासून त्यांनी ब्रशला हात लावलेला नाही. जिन्यात मी दिसले की मान खाली घालतात. काल म्हणाले की तुमच्या आईची लिफ्ट मी माझ्या हाताने घालवली. मी म्हटलं की पडदा तर माझ्या हातचा आहे. पण त्यांची समजूत पटली नाही. माझीही पटलेली नाही. जिच्यासाठी सगळं करायचं होतं, तिचंच आम्ही नुकसान केलं रे.

दुपारी आईने कपाटातल्या साड्या काढून दोन ढीग लावले, एक न्यायच्या आणि एक ठेवायच्या. मी विचारलं तर म्हणाली, जून काही फार लांब नाही. मग ठेवायच्या ढिगावर बराच वेळ हात ठेवून बसली. मला तुझा रागही आला आणि तुझं चुकतंय असंही म्हणवेना.

आज थट्टा सुचत नाही, ती पुढच्या पत्रात दुप्पट घे.

तुझी
ताई

२७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रडणं थांबव आणि अहवालाच्या मागच्या पानावरची बारीक अक्षरं वाच. तुम्ही लोक मागचं पान वाचत नाही यावर आमच्या खात्याचा संसार चालतो. तिथे लिहिलेलं असणार की निकाल मान्य नसल्यास तीस दिवसांत फेरतपासणी मागता येते. नसेल लिहिलं तर माझं नाव बदल.

निरीक्षकबाईंवर चिडू नका. त्यांच्या तक्त्यात लिफ्ट आहे का एवढंच विचारलेलं असतं, चालते का हे विचारलेलं नसतं. त्यांनी दार पाहिलं आणि आहे लिहिलं. मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं, वर ती निळी आहे असा शेरा मारला असता. तेव्हा अर्जात एकच वाक्य लिही : निरीक्षण तळमजल्यावर झाले, कृपया चौथ्या मजल्यावर यावे. जास्त लांबण लावू नकोस, लांब अर्ज आम्ही वाचत नाही.

आईला सांग की साड्यांचे ढीग तूर्त तसेच राहू देत. तुला वाटेल, हा स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतोय. लिफ्ट सुरू झाली की ती माझ्याकडे यायची नाही, हे मला कळतं. पण रडवून आणलेली आई घरात ठेवून मी काय करू?

अर्ज पोचल्याची पोच घ्यायला विसरू नकोस, आणि मलाही विसरू नकोस.

तुझा
धाकटा

१९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं नाव बदलायची गरज नाही. मागच्या पानावर सगळं होतं. अर्ज केला, आणि काल त्याच निरीक्षकबाई पुन्हा आल्या.

आधी घरात काय रामायण झालं ते ऐक. मास्तरांनी सुचवलं की या वेळी दोन-चार नळ आपणच तोडू आणि जिन्यात पाणी सोडू. समितीतल्या निम्म्या माणसांनी माना डोलावल्या. ही सभा आमच्याच खोलीत भरली होती, त्यामुळे आई ऐकत होती. तिने सगळ्यांना असं काही फैलावर घेतलं! म्हणाली की आधी खोटं चांगलं दाखवलंत, आता खोटं वाईट दाखवणार, आहे ते दाखवायला काय तुमची जीभ झडते? मग तिने हुकूमच सोडला. बाईंना आणायला कुणी खाली जायचं नाही. खुर्ची नाही, पंखा नाही. चहा मिळेल, पण चौथ्या मजल्यावर. मला वाटलं, हे फार निष्ठुर होतंय. पण तिच्यापुढे कुणाची टाप आहे?

खाली काय झालं ते रंगारीभाऊंकडून कळलं. बाई आल्या आणि सरळ निळ्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. बटण दाबलं. थांबल्या. पुन्हा दाबलं. रंगारीभाऊ आपल्या दारातून बघत होते. बाईंना सामोरं जायचं नाही असं ठरलं होतं, पण त्यांना राहवेना. ते पुढे झाले, पेचकसाने दार उचकटलं आणि आत दाखवलं. आत त्यांचे रंगाचे डबे आणि घडीची शिडी! दोन वर्षं त्यांनी लिफ्टची कोठी केली होती आणि हे आम्हालाही माहीत नव्हतं. बाईंनी विचारलं की मग एवढं दार रंगवलंत कशाला. ते म्हणाले, तुम्ही येणार होतात म्हणून. बाई जिन्याला लागल्या.

अठ्ठ्याऐंशी पायऱ्या. तिसऱ्या मजल्यावर त्या चक्क पायरीवर बसल्या म्हणे. वर आल्या तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. आईने पाणी दिलं, दम घेऊ दिला, मग चहा दिला. बाईंनी विचारलं की तुम्हाला या वयात चढ-उतार फार जड जात असेल ना. आई म्हणाली, मुळीच नाही, मी करतच नाही. कधीपासून असं विचारल्यावर तिने मला डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी आणायला लावली आणि तिच्यावरची तारीख दाखवली. बाई त्या तारखेकडे बघत राहिल्या. मग फाइल उघडून लिहायला लागल्या. छप्पर पाहिलं, गच्चीवरचं डबकं पाहिलं, आणि कुणीही छान चाललंय म्हणालं नाही. परिचारिकाबाई तर गटारावर इतक्या बोलल्या की त्यांना आवरावं लागलं.

आणि आता गंमत. बाई खाली पोचल्या आणि लक्षात आलं की चष्मा आमच्याकडेच राहिला. खालून हाक मारून म्हणाल्या की माझ्याने आता पुन्हा चढवणार नाही. आईने चष्मा टोपलीत ठेवून दोरी सोडली. बाईंनी तो घेतला, डोळ्यांवर लावला, आणि एकदा टोपलीकडे, एकदा वर आईकडे बघत उभ्या राहिल्या. मग तिथेच उभ्याने त्यांनी फाइल उघडली आणि आणखी काहीतरी लिहिलं. काय ते देव जाणे.

मायेत कमी-जास्त झालं असेल तर या लांबलचक पत्राने फिटलं असं समज.

तुझी
ताई

२९ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मिळाला! आपण दुसरे आलो! छप्पर, गटारं, दिवे आणि लिफ्ट, सगळं मंजूर. नवीन अहवालात लिफ्टपुढे चांगल्या चार ओळी आहेत, आणि रहिवासी पर्याय म्हणून खिडकीतून टोपली वापरत असल्याचं त्यात चक्क नमूद केलं आहे. रंगारीभाऊंनी पेढ्याबिढ्याची भानगड न करता सगळ्यांना एकेक ब्रश वाटला आणि पटांगणाची भिंत रंगवायला लावली. मी निम्मी भिंत आणि पूर्ण साडी रंगवली.

आईने साड्यांचे दोन्ही ढीग पुन्हा कपाटात लावले. काम सुरू व्हायला आणि संपायला सात-आठ महिने जातील म्हणतात. तू जूनमध्ये गाडी आणणार होतास, ती आता नुसतं भेटायला आण.

लवकर ये, नाहीतर जिने चढून यायची मजा हुकेल.

तुझी
ताई

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बातमी ऐकून इथे बायकोने अख्ख्या गल्लीला सांगितलं. मी कचेरीत सांगितलं, तर साहेब म्हणाले की फेरतपासणीत निकाल बदललेला त्यांनी वीस वर्षांत पाहिला नाही. आईला माझा नमस्कार सांग आणि तिला आमच्या खात्यात घ्यायची आमची तयारी आहे असंही सांग. पंधरा तारखेच्या सुमारास दोन दिवस येऊन जातो.

खरं लिहू का? आनंद मनापासूनचा आहे, पण मागच्या खोलीत गेलो की थोडं वाईट वाटतं. खिडकीशी खाट लावून ठेवली होती. आता ती कशाला येईल? तिला तिची खिडकी माझ्यापेक्षा जवळची आहे, हे इतकी वर्षं कळत होतं, आता लेखी मिळालं. हे आईला वाचून दाखवू नकोस.

बाकी आमचं बरं चाललंय, आणि हे मी तळमजल्यावरून लिहितोय म्हणून खोटं समजू नकोस.

तुझा
धाकटा

१५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र माझं मी लिहिते आहे. ताईला वाटतंय की मी सामानाची यादी करते आहे. अक्षर वाकडं आलं तरी वाचून घे.

लिफ्ट सोमवारी सुरू झाली. त्या दिवशी भाषणं होती, म्हणून मी गेले नाही. मंगळवारी ताई कापड आणायला गेली तेव्हा एकटीच निघाले. खाली रंगारी बसले होते. मला बघून उठून उभे राहिले आणि तोंड फिरवून डोळे पुसायला लागले. मी पटांगणात दहा पावलं चालले आणि परत फिरले. वर आले. आपल्या दाराला हात लावला आणि पुन्हा खाली गेले. असं चार वेळा केलं. लिफ्टचा कारागीर होता, तो म्हणाला, आजी, मजला सापडत नाही का? मी म्हटलं, मजला चांगला सापडतो, ही परत आणून सोडते की नाही ते बघते आहे.

तुझं जूनमधलं पत्र ताईने वाचून दाखवलं तेव्हा मध्येच ती अडखळली आणि एकदम शेवटावर गेली. मला काय कळत नाही? ती दुपारी झोपल्यावर मी चष्मा लावून सगळं वाचलं. तू जूनमध्ये आलास तेव्हाच बोलायचं मनात होतं, पण लिफ्ट झाल्याशिवाय बोलायला धीर झाला नाही.

खिडकी मला तुझ्यापेक्षा जवळची नाही रे. तू पहिल्यांदा बोलावलंस तेव्हापासून मला यायचं होतं. पण एकदा खाली उतरले की पुन्हा वर चढवायला चार माणसं आणि खुर्ची. तुम्ही दोघं प्रेमानेच म्हणाला असता की आता कशाला जातेस, राहा इथेच. मग माझं घर तिथेच संपलं असतं. मी दारातून निघतानाच रडले असते, आणि तुला वाटलं असतं की आईला आपल्याकडे यायचं नाही. हे तोंडाने सांगता येईना, म्हणून बघू म्हणत राहिले. अकरा वेळा झालं, हे तू लिहिल्यावर कळलं. मला वाटलं होतं चार-पाच वेळा.

पुढच्या आठवड्यात शनिवारी सकाळच्या गाडीने येते. आठ दिवसांसाठी जाते असं ताईला सांगणार आहे. सूनबाईला सांग की खाट हलवू नको, खिडकीशीच राहू दे. तू फक्त एक कर. माझं परतीचं तिकीट काढून, स्टेशनवर उतरल्या उतरल्या माझ्या हातात दे. ते हातात असलं की मी खुशाल महिनाभर राहीन.

तुझी
आई